सात वर्षं वापरलेलं ट्रेकिंगचं जॅकेट घरी धुतलं: निकवॅक्स टेक वॉश आणि टीएक्स डायरेक्ट, पूर्ण पावसाळ्याचा रिव्ह्यू

मागच्या जुलैत आम्ही सहाजण लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलो होतो, सकाळी सहाला निघालो आणि पहिल्या तासातच पावसानं असं काही धरलं की पुढच्याची सॅक सोडून काही दिसेना. गडाखालच्या उधेवाडीत पोचेपर्यंत माझं जॅकेट खांद्यावर, कोपरापासून खाली आणि पाठीला सॅक टेकते त्या सगळ्या भागात काळपट, ओल्या गोणपाटासारखं जड झालेलं, आणि आतून हात फिरवला तर गार ओलं. ओसरीवर पिठलं-भाकरी येईपर्यंत ते काढून खुंटीला टांगलं तर खाली थारोळं साचलं. सगळे म्हणाले, गेलं हे, नवीन घे आता. मलाही तसंच वाटलं, दादानं लंडनहून येताना आणलेलं गोर-टेक्सचं, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या कापडाचं जॅकेट, सात वर्षं झाली, अजून किती चालणार.

घरी येऊन नवीन बघायला सुद्धा लागले. आणि किमती बघून गप्प बसले, खरं सांगते. तेवढ्यात ग्रुपमधल्या एका काकांचा फोन आला, हे गेली तीस वर्षं डोंगरात फिरतायत, त्यांनी एकच विचारलं, "धुतलंयस का कधी ते?" म्हटलं हो, आईनं धुतलंय दोन-तीनदा, पावडरनं. तर म्हणाले, "मग आधी पाणी ओतून बघ घरी, मग पैसे घाल."

हे पाणी ओतून बघणं प्रत्येकानं करावं म्हणून नीट सांगते. जॅकेट पूर्ण वाळू द्यायचं. मग पाठीचा सपाट भाग, बाहेरची बाजू वर, रिकाम्या बादलीच्या तोंडावर झोळीसारखा सैल सोडायचा, बादलीच्या तळाशी पेपरचं एक पान टाकायचं आणि त्या झोळीत तांब्याभर पाणी ओतून वीसेक मिनिटं तसंच ठेवायचं. मी ठेवलं. वरचं कापड दोन मिनिटांत पाणी पिऊन काळं झालं, अगदी राजमाचीला झालं होतं तसं, पण वीस मिनिटांनी बादलीत बघितलं तर पेपर कोरडा ठणठणीत. कापडाच्या खालून बोट फिरवलं, गार लागलं पण ओलं नाही. म्हणजे जॅकेट गळत नव्हतंच! मग राजमाचीला आतून जे ओलं लागलं ते काय होतं, तर तो माझाच घाम.

आता हे असं का होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचून आणि काकांना विचारून कळलं. अशा जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी पाणी अडवत असतात. आत एक पातळ पापुद्रा असतो, मेंब्रेन. गोर-टेक्सचा जुना पापुद्रा म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीचं मटेरियल ताणून केलेला, १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली कांडी हळूहळू ओढायच्या ऐवजी एकदम झटका देऊन ओढली आणि ती कितीतरी पट लांब झाली, तिथून हे सुरू झालं आणि १९७६ पासून त्याचं कापड विकायला आलं. कंपनी सांगते की त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा २०,००० पट लहान आणि वाफेच्या कणापेक्षा ७०० पट मोठी, म्हणून पाऊस आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यात वरच्या नायलॉनवर दिलेला एक लेप, ज्याला डीडब्ल्यूआर म्हणतात, त्याच्यामुळे पाणी कापडावर पसरतच नाही, अळवाच्या पानावर कसं गोळा होऊन घरंगळतं तसं खाली पडतं. हा वरचा लेप कमजोर झाला किंवा त्याच्यावर मळ, तेलकटपणा बसला की वरचं कापड पाणी पितं. पापुद्रा आत शाबूत असतो, पण बाहेर पाण्याचा थर बसल्यावर वाफ जाणार कुठून? ती आतच थंड होऊन पाणी होते आणि आपण म्हणतो जॅकेट गळतंय. माझी खात्री आहे की आपल्याकडे बरीच चांगली जॅकेटं या एका गैरसमजापायी माळ्यावर जाऊन पडली आहेत.

आणि मळ म्हणजे फक्त चिखल नाही बरं का. चिखल तर दिसतो, वाळला की झटकला की जातो. खरा त्रास न दिसणाऱ्याचा, मानेचं तेल, घाम, सनस्क्रीन, डासांचं क्रीम, चुलीचा धूर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपडे धुवायच्या साध्या पावडरीचा आणि कंडिशनरचा उरलेला अंश. पावडरीचं कामच मुळी पाण्याला कापडात घुसवायचं आहे, त्यामुळे ती नीट विसळून निघाली नाही तर पावसाचं पाणी पण तशीच आत ओढते. कंडिशनर तर मुद्दामच कापडावर राहण्यासाठी बनवलेला असतो. आईला मी काही बोलले नाही, कारण वास मारणारं जॅकेट धुवायलाच पाहिजे हे तिचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. "अगं, कुबट वास मारतोय त्याला, एवढं महागाचं आणि त्याला पाणी दाखवायचं नाही होय?" असं ती दर पावसाळ्यात म्हणायची आणि मी दुर्लक्ष करायचे. उलट आमच्या ग्रुपमधल्या कित्येकांचा समज आहे की गोर-टेक्स धुतलं की खराब होतं. धुतलं नाही तर खराब होतं.

तर मी ३०० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या, निकवॅक्स टेक वॉश म्हणजे धुवायचं लिक्विड आणि निकवॅक्स टीएक्स डायरेक्ट वॉश-इन म्हणजे पुन्हा वरचा लेप द्यायचं. इंग्लंडची कंपनी आहे, १९७७ मध्ये चामड्याच्या बुटांच्या मेणापासून सुरुवात केलेली, आणि यांच्या मालात ते फ्लोरिनवालं केमिकल नाही. हा मुद्दा आता महत्त्वाचा झालाय कारण जुन्या जॅकेटांवर जो लेप यायचा तो फ्लोरिनचा असायचा, ते पर्यावरणात वर्षानुवर्षं तसंच राहतं म्हणून आता बंद होत चाललंय, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यावर बंदीच आली. झालंय ते चांगलंच झालं, पण एक लक्षात घ्या, जुना लेप तेलाला पण दाद द्यायचा नाही, नवीन लेप तेलकट मळानं लवकर हार मानतो, म्हणून हल्लीची नवीन जॅकेटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात. दुकानात हे कोणी सांगत नाही.

बाटल्या स्वस्त नाहीत. दोन्ही मिळून चांगल्या हॉटेलात दोघांचं जेवण होईल एवढे गेले. पण मी एका जॅकेटला साधारण १०० मिली वापरते, म्हणजे एका बाटलीत तीन धुणी, आणि नवीन जॅकेटच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

धुण्याच्या आधी लेबल वाचलं. आतल्या शिवणीत ते पांढरं लेबल असतं ना, त्यावरची चित्रं. माझ्या जॅकेटवर चाळीस अंशांपर्यंत पाणी चालेल, ब्लीच नाही, आणि इस्त्रीच्या चित्रात एक टिंब, म्हणजे कमी तापमानावर इस्त्री चालेल. हे शेवटचं पुढे उपयोगी पडतं. खिसे रिकामे केले (जळवांसाठी ठेवलेली मिठाची पुडी निघाली, ओली होऊन दगड झालेली), सगळ्या चेन लावल्या, वेल्क्रो बंद केलं नाहीतर ते कापडाला घासून धागे काढतं, टोपीच्या आणि कमरेच्या दोऱ्या सैल सोडल्या.

मशीनमध्ये टाकलं नाही. आमचं टॉप लोड आहे आणि त्याच्या माहितीपुस्तकातच लिहिलंय की वॉटरप्रूफ कपडे स्पिनला टाकू नका, कारण कापडातून पाणी निघत नाही, ते फुग्यासारखं आत अडकून राहतं, ड्रम एका बाजूला जड होतो आणि मशीन धडधडायला लागतं. फ्रंट लोडवाले कंपनीच्या पुस्तकात बघून हळू प्रोग्रॅमवर टाकतात, पण मग आधी पावडर टाकायचा खण गरम पाण्यानं घासून घ्या, त्यात साठलेली पावडर पुरेशी आहे सगळी मेहनत वाया घालवायला. मी आपलं बाळाच्या आंघोळीचा जुना टब घेतला, तोही आधी धुऊन, हाताला कोमट लागेल इतपत पाणी.

टेक वॉश साबणाच्या जातीचं आहे, फेस फार येत नाही, त्यामुळे कमी पडलं की काय असं वाटून अजून ओतावंसं वाटतं, तसं करू नका. फक्त पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल, ज्यात साबणाचा फेसच होत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो, तर थोडं जास्त लागतं. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस टँकर असतो म्हणून मी कॉर्पोरेशनचं पाणी भरून ठेवलं आणि त्यात धुतलं, तुम्हाला जमत असेल तर तसंच करा.

जॅकेट बुडवून दहा मिनिटं ठेवलं आणि मग फक्त हातानं दाबत राहिले, कणीक तिंबतो तसं पण हलक्या हातानं. घासायचं नाही, पिळायचं नाही, धोपटायचं तर बिलकुल नाही. पाच मिनिटांत पाणी जे काही झालं ते बघून मला धक्काच बसला, बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या जॅकेटमधून जास्त उकळलेल्या चहासारखं पाणी निघालं, वर एक मेणचट तवंग. कॉलरची आतली बाजू, हनुवटी टेकते तिथं, आणि मनगटाच्या पट्ट्या यांना जुन्या मऊ टूथब्रशनं टेक वॉशचाच एक थेंब लावून घासलं, काळी रेघ होती ती गेली. मग विसळणं. चार बादल्या लागल्या. तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ दिसत होतं पण बाही दाबली की त्यातून अजून बारीक बुडबुडे येत होते, ते पूर्ण थांबेपर्यंत विसळलं. या एका कामात घाई करू नका, बाकी कशातही केली तरी चालेल.

आता माझं मत ऐका, हे मला आधी माहीत असतं तर पैसे वाचले असते. इथं थांबा. फक्त धुवा, वाळवा, आणि ऊब द्या. डीडब्ल्यूआरचा जुना लेप बऱ्याचदा गेलेला नसतो, दबलेला असतो, आणि ऊब मिळाली की परत जागा होतो. परदेशात घरोघरी ड्रायर असतात, ते वीस मिनिटं कोमट ड्रायरमध्ये फिरवतात. आपल्याकडे ड्रायर कुणाकडे असतो, मग इस्त्री. जॅकेट पूर्ण वाळल्यावर इस्त्री सगळ्यात कमीवर, वाफ बंद, आणि मध्ये कोरडा सुती पंचा घालून हळूहळू फिरवायची, एका जागी थांबायचं नाही. चेन, वेल्क्रो, रबरी अक्षरं आणि आतून शिवणीवर चिकटवलेल्या टेपच्या जागा सोडून द्यायच्या. लेबलवर इस्त्रीवर फुली असेल तर करू नका, त्याऐवजी हेअर ड्रायर थोडा लांबून फिरवा, वेळ लागतो पण होतं.

मी हे करून बेसिनच्या नळाखाली धरलं तर छाती, पोट आणि टोपीवर पाणी टपटप गोळा होऊन पडायला लागलं, नुसत्या धुण्यानं आणि इस्त्रीनं! खांदे आणि बाह्यांचा खालचा भाग मात्र अजून पाणी पीत होता, सात वर्षं सॅकच्या पट्ट्यांनी तिथला लेप खरंच घासून गेला होता. त्या भागासाठी टीएक्स डायरेक्ट लागणारच होतं. पण ज्यांचं जॅकेट दोन-तीन वर्षांचं आहे त्यांनी आधी फक्त टेक वॉशची बाटली घ्यावी, दुसरी लागणारही नाही कदाचित.

टीएक्स डायरेक्टसाठी जॅकेट परत ओलं केलं, कारण ते ओल्याच कापडाला द्यायचं असतं, रबरी हातमोजे घातले, टबात कोमट पाण्यात ते दुधाळ लिक्विड मिसळलं आणि जॅकेट आत दाबत, उलटं-सुलटं करत दहा मिनिटं फिरवलं. गंमत म्हणजे पाणी हळूहळू कमी दुधाळ होत जातं, कापड ते ओढून घेतं. मग पाणी निर्मळ येईपर्यंत विसळलं आणि बाथरूममध्ये रुंद हँगरवर निथळत ठेवलं. पुण्यातला जुलै, हवेत ओल, पंखा लावून पूर्ण वाळायला दीड दिवस गेला. उन्हात टांगायचा मोह होतो पण ऊनच नव्हतं. मग परत तीच मंद इस्त्री, पंचा मध्ये घालून.

एक गोष्ट, हे वॉश-इन कापडाच्या दोन्ही बाजूंना बसतं. माझं जॅकेट आतून अस्तर नसलेलं, तीन थर एकत्र चिकटवलेलं आहे म्हणून चाललं. ज्यांच्या जॅकेटला आत सुटं जाळीचं अस्तर असतं त्यांनी स्प्रेवालं घ्यावं, नाहीतर घाम टिपायला दिलेलं अस्तरच घाम झटकायला लागतं. स्प्रे मारताना मात्र पसरलेले थेंब ओल्या फडक्यानं पुसून सारखे करायचे. मी मागे कुठलातरी दुसराच स्वस्त स्प्रे आणला होता, तो कोरड्या जॅकेटवर मारून तसाच सोडला, तर पांढरट डाग पडले ते आजही मावशीच्या विंडचीटरवर आहेत.

रिझल्ट? ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लोहगड, चार तास पाऊस, थांबला असा नाहीच. पाणी दिवसभर घरंगळत होतं, खांद्यावर सुद्धा, दुपारनंतर पट्ट्यांखाली तळहाताएवढे दोन भाग ओले दिसले बास. गडावरून उतरून जॅकेट दोनदा झटकलं आणि गाडीत बसायला अंगावरच ठेवता आलं, हे शेवटचं कधी झालं होतं मला आठवत नाही. त्यानंतर तोरणा, दोनदा सिंहगड वगैरे केलं, खांद्याचा भाग पाचव्या ट्रेकला परत पाणी प्यायला लागला, बाकी जॅकेट सप्टेंबरअखेरपर्यंत व्यवस्थित.

पण आतून पूर्ण कोरडं राहाल अशी अपेक्षा ठेवू नका. घामाची वाफ बाहेर जायला आतल्यापेक्षा बाहेरची हवा कोरडी आणि थंड लागते. हिमाचलात हमता खिंडीच्या वाटेवर हेच जॅकेट मला आतून कोरडं ठेवत होतं, आपल्याकडे जुलैत हवा आधीच पाण्यानं भरलेली, चोवीस-पंचवीस अंश, त्यात तोरण्याची चढण. कुठलंच जॅकेट तिथं घाम पूर्ण बाहेर काढू शकत नाही. चढताना बगलेखालच्या चेन उघड्या ठेवायच्या, पुढची चेन अर्धी. आपल्या धनगर लोकांची घोंगडी अजून का टिकून आहे ते अशा वेळी कळतं, लोकरीतल्या अंगच्या चरबीमुळे ती पाणी पटकन पीत नाही आणि वारा खेळता राहतो.

कुठल्या जॅकेटवर हे चालणार नाही ते पण सांगते. माझ्याकडे एक दुसरं स्वस्तातलं होतं, आतून नुसता पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं. ते दोन पावसाळे ओलंच गाडीच्या डिकीत राहायचं, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. बाहेर काढलं तर आतला लेप चिकट होऊन पांढऱ्या कपच्या सुटत होत्या, हाताला डिंकासारखं लागत होतं, शिवणीची टेप अर्धी उचकटलेली. दमट हवेत हा लेप असाच विरघळत जातो. त्याला कितीही टेक वॉश घाला, पाणी ओतायच्या परीक्षेत दोन मिनिटांत पेपर भिजला. त्याचा पैसा वाया गेला तो माझ्या ठेवण्यामुळे, म्हणून आता घरी आल्यावर कितीही दमलेली असले तरी जॅकेट आधी हँगरला जातं, मग मी आंघोळीला. बाईकवर घालतो तो जाड रबरी रेनकोट असेल तर त्याला यातलं काहीच लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा.

लाँड्रीत देऊ का असं बऱ्याच जणी विचारतात. देऊ नका. मैत्रिणीनं घराजवळच्या एका लाँड्रीत ड्रायक्लीनला दिलं होतं, परत आलं तेव्हा कडक इस्त्री केलेलं, छातीवरचं रबरी नाव वितळलेलं, आणि पाणी तर रुमालासारखं पीत होतं. ड्रायक्लीनच्या केमिकलनं वरचा लेप उतरतो.

आणि आत्ता बाटली घ्यायची नसेल तर? साधं लिक्विड डिटर्जंट, कंडिशनर नसलेलं, अगदी चमचाभर, आणि नेहमीपेक्षा दुप्पट विसळणं. पावडर नको, ती शिवणीत अडकते. टेक वॉशइतकं निर्धास्त नाही पण न धुण्यापेक्षा कितीतरी बरं. गोर-टेक्सवाले सुद्धा थोडं लिक्विड आणि दोनदा विसळा असंच सांगतात.

माझ्याकडून टेक वॉशला पाचपैकी पाच, टीएक्स डायरेक्टला चार, तो एक कमी एवढ्याचसाठी की सॅकच्या पट्ट्यांखाली पाच ट्रेकच्या वर टिकला नाही, आणि तिथं सततच्या घासण्यापुढे दुसरं काही टिकेल असंही मला वाटत नाही. मी आता ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा आणि सप्टेंबर संपताना ठेवून द्यायच्या आधी एकदा असं धुते, आणि माळ्यावर न ठेवता कपाटात हँगरला लावते.

टेक वॉशच्या बाटलीत अजून एक धुणं होईल एवढं उरलंय, ते धाकट्या भावाच्या जॅकेटसाठी ठेवलंय. तो म्हणतो माझं नवीन आहे, काही गरज नाही. काल त्याच्या कॉलरवरून बोट फिरवून त्याला दाखवलं, बोट काळं झालं होतं. रविवारी टब काढणार आहोत.